रात्री अकराचं सॅम्पल

झोप येत नाही ही तक्रार मी डॉक्टरांना सगळ्यात शेवटी सांगितली. त्याआधी तीन वर्षं बाकीचं सांगण्यातच गेली होती: वाढणारं वजन, रक्तदाब, बंद झाल्यासारखी पाळी, हनुवटीवरची लव, जरा कुठे आपटलं की उमटणारे काळेनिळे डाग. प्रत्येक तक्रारीचे डॉक्टर वेगळे आणि प्रत्येकाकडे माझी वेगळी फाईल. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, पाळीसाठी गर्भनिरोधक गोळी सुरू झाली, थायरॉईड तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा नॉर्मल निघालं. वजनाबाबत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, तोंडावर ताबा ठेवा. मी महिनाभर लिहून ठेवलेली खाण्याची वही एकांना दाखवली. त्यांनी दोन पानं चाळली आणि नुसते हसले. ते हसू अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आता सगळं उरकलंय. आजाराचं नाव कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त असणं. त्या काळात रात्री दोन-दोन वाजता मी हेच शोधत बसायचे की हे कुणाला झालंय का, आणि झालं असेल तर पुढे काय काय करावं लागतं. म्हणून तारखांसकट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. इथले आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील.

९ जानेवारीला दंडावरचा एक डाग जाईना म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. मॅडमनी डाग पाहिला आणि पोट दाखवायला सांगितलं. पोटावर जांभळट पट्टे होते. वजन वाढलं की येतातच, असं मीच त्यांना समजावून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावरची पट्टी उचलून त्यांनी एक पट्टा मोजला, तो सव्वा सेंटिमीटर रुंद भरला. मग म्हणाल्या, "हात न टेकवता खुर्चीतून उठा बघू."

मला उठता आलं नाही.

अर्धवट उठले आणि परत बसले. दुसऱ्यांदाही तेच झालं. गेलं वर्षभर मी प्रत्येक खुर्चीचा हात धरून उठत होते आणि जिन्याच्या कठड्याला धरून स्वतःला वर ओढत होते, हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. "नुसतं वजन वाढलं असतं तर मांड्याही जाड झाल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बारीक झाल्यात." त्यांनी एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या, नावाने एका ओळीची चिठ्ठी लिहून दिली. तीन वर्षांतला सगळ्यात उपयोगी कागद तोच.

अठरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. २७ जानेवारीला सरांचा पहिला प्रश्न होता, "बाहेरून स्टेरॉइड घेता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी तोच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला: खाजेचं मलम, दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, नाकात मारायचा फवारा, कुणी दिलेली पुडी. ही लक्षणं बहुतेक वेळा औषधातूनच आलेली असतात, म्हणून आधी ते पक्कं करायचं असतं. मी औषधांची यादी नेली होती, ट्यूब नेल्या नव्हत्या. घरी फोन करून एकेकीचा फोटो मागवावा लागला. तुम्ही जाल तेव्हा घरातलं प्रत्येक औषध पिशवीत भरून न्या, मलमांसकट.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक तीन गोल काढले. वरचा हायपोथॅलॅमस, मधला पिट्युटरी, खालचा ॲड्रिनल. शाळेत चेतासंस्था हा एक धडा होता आणि अंतःस्रावी ग्रंथी हा दुसरा, दोन्हींवर वेगळे प्रश्न यायचे. इथे दोन्ही एकाच देठाला लटकलेले दिसले. हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूचाच भाग. तिथल्या चेतापेशी सीआरएच नावाचा रेणू सोडतात, पण दुसऱ्या चेतापेशीवर नाही, तर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात. त्या वाहिन्या सेंटिमीटरभर खाली असलेल्या पिट्युटरीपर्यंत जातात. पिट्युटरी म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका, वाटाण्याएवढी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. सीआरएच पोचलं की ती रक्तात एसीटीएच सोडते. ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना गाठतं, आणि त्या कॉर्टिसॉल तयार करतात. कॉर्टिसॉल रक्तातून परत वर गेलं की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी दोघांनाही 'पुरे' असा निरोप मिळतो. निरोप मिळाला की वरचे दोघं हात आखडता घेतात.

या सगळ्याला घड्याळही आहे. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर हायपोथॅलॅमसमध्ये चेतापेशींचा एक पुंजका असतो. उजेड आहे की अंधार, ही खबर त्याला थेट डोळ्यांकडून मिळते. त्याच्या तालावर कॉर्टिसॉल पहाटे चढतं, जाग येण्याच्या सुमारास शिगेला पोचतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला लागतं.

"पिट्युटरीत एसीटीएच बनवणारी बारीकशी गाठ झाली तर ती वरचंही ऐकत नाही आणि 'पुरे'ही नीट ऐकत नाही," सर म्हणाले. "मग मध्यरात्रीही कॉर्टिसॉल उतरत नाही. तुमच्या शरीरात रात्र होते का, एवढंच आपल्याला आधी बघायचंय."

मी फाईलमधून दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीचा कागद काढला. त्यात कॉर्टिसॉल होतं, १८, नॉर्मल. आणि म्हणून त्या दिशेने नंतर कुणी पाहिलंच नव्हतं. सरांनी वेळ बघितली. सॅम्पल सकाळी आठचं होतं. सकाळी आठ वाजता सगळ्यांचंच कॉर्टिसॉल वर असतं, त्यामुळे या आजारातही ते नॉर्मल दिसू शकतं. आकडा बरोबर होता, वेळ चुकली होती. वाईट वाटलं, रागही आला, पण सगळ्यात जास्त सुटल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी मला तीन तपासण्या लिहून मिळाल्या आणि गर्भनिरोधक गोळी बंद झाली. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन रक्तात वाढतं आणि रक्तातला आकडा खोटाच फुगतो. त्यामुळे गोळी बंद केल्यावर सहा आठवडे थांबून मगच रक्ताची तपासणी करायची ठरली. लघवी आणि लाळ मधल्या काळात.

लघवीची तपासणी चोवीस तासांची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ लावायचं, मग दिवसभराची आणि रात्रीची सगळी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेची शेवटची. १ फेब्रुवारीला सवयीने मी पहिलीही कॅनमध्येच टाकली आणि सगळं वाया गेलं. पुढच्या शनिवारी परत. कॅन थंड ठेवायचा असतो, म्हणजे फ्रिजमध्ये. नवऱ्याने काळ्या पिशवीत गुंडाळून त्याला खालचा कप्पा दिला आणि आठवडाभर त्या कप्प्याकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो. एक सूचना: चोवीस तास घराबाहेर पडू नका. मी 'फक्त अर्धा तास' म्हणून पडले होते, घाईघाईने परतावं लागलं.

लाळ तीन रात्री, अकरा वाजता. त्याआधी तासभर खायचं नाही, दात घासायचे नाहीत, भांडायचं नाही. (शेवटचं लॅबच्या कागदावर नव्हतं, सरांनी तोंडी सांगितलं.) दिवे मंद करून पडून राहायचं आणि अकराला कापसाची छोटी वळकटी गालात दोन मिनिटं धरून नळीत टाकायची. मला जागं राहण्याची अडचण नव्हतीच, एक-दोन वाजेपर्यंत टक्क जागं असायची सवय झाली होती. त्या तीन रात्री पडल्या पडल्या वाटायचं, अंग इतकं थकलेलं आणि आत कुणीतरी दिवा लावून ठेवलाय.

गोळीची तपासणी १२ मार्चला. रात्री अकराला डेक्सामेथासोन एक मिलिग्रॅम घ्यायचं आणि सकाळी आठला रक्त द्यायचं. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड. ते पिट्युटरीला मोठ्याने 'पुरे' सांगतं, पण कॉर्टिसॉलच्या तपासणीत स्वतः मोजलं जात नाही. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलेलं असतं. माझं ११.४ आलं. या अख्ख्या प्रवासात सगळ्यात कमी पैसे त्या गोळीला लागले आणि सगळ्यात जास्त तिनेच सांगितलं. लघवीतलं कॉर्टिसॉल मर्यादेच्या तिप्पट होतं आणि लाळ तिन्ही रात्री वर होती.

शरीरात रात्र होत नव्हती, हे ठरलं. रात्र कुणी घालवली हे ठरायचं होतं. दोष थेट ॲड्रिनलचा असेल तर वरची पिट्युटरी गप्प बसते आणि एसीटीएच अगदी कमी येतं. दोष वरून असेल तर एसीटीएच कमी होत नाही. हे सॅम्पल फार नाजूक. थंड नळीत घ्यायचं, लगेच बर्फात ठेवायचं. २० मार्चला लॅबमधल्या मुलाने रक्त घेतलं आणि नळी साध्या स्टँडमध्ये लावली. मी बर्फाचं विचारलं तर म्हणाला, "ताई, काही होत नाही." चार दिवसांनी लॅबचा फोन आला, सॅम्पल बाद, परत या. तेव्हापासून मी बर्फ दिसल्याशिवाय हात पुढे करत नव्हते. दुसऱ्यांदा ५८ आलं, कमी नव्हतं. म्हणजे ॲड्रिनल निर्दोष, ती बिचारी हुकूम पाळत होती.

या काळात वाचलेली एक गोष्ट मनात राहिली. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते हार्वे कुशिंग मेंदूचे शल्यविशारद होते. १९१२ साली त्यांनी अशा एका तरुणीची नोंद केली आणि १९३२ साली पिट्युटरीतल्या बारीक गाठींशी तिचा संबंध लावून दाखवला. कॉर्टिसॉल मोजायची सोय नव्हती, एमआरआय तर नव्हताच. त्यांनी माणसं पाहिली: गोल चेहरा, मानेमागचा उंचवटा, बारीक हातपाय, जांभळे पट्टे. माझ्या मॅडमनीही तेच केलं, एक पट्टी आणि एक खुर्ची घेऊन.

२ एप्रिलला एमआरआय झाला. पिट्युटरीचा वेगळा असतो. शिरेतून औषध सोडत असताना भराभर चित्रं घेतात, कारण निरोगी भाग लवकर उजळतो आणि गाठ मागे राहते. चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या, नाहीतर साध्या मेंदूच्या एमआरआयवर काम भागवतात आणि पैसे दुप्पट जातात. माझ्या रिपोर्टात होतं: डाव्या बाजूला तीन मिलिमीटरची संशयास्पद जागा, खात्रीने सांगता येत नाही. मी रडले. इतकं सगळं करून 'सांगता येत नाही'? सरांनी शांतपणे सांगितलं की या गाठी बहुतेक दहा मिलिमीटरच्या आतल्याच असतात, कित्येकदा एमआरआयला दिसतच नाहीत. उलट काही धडधाकट माणसांच्या पिट्युटरीतही निरुपद्रवी ठिपके सापडतात. त्यामुळे नुसत्या ठिपक्यावर नाकातून सुरी चालवायची नसते. शिवाय क्वचित एसीटीएच बनवणारी गाठ फुप्फुसात किंवा आणखी कुठे लपलेली असते.

म्हणून पुढची पायरी, सगळ्यात भीती वाटली ती. पिट्युटरीतून निघालेलं रक्त दोन्ही बाजूंच्या शिरांतून कवटीच्या तळाशी उतरतं. तिथेच जाऊन सॅम्पल घ्यायचं. ही तपासणी थोड्याच ठिकाणी होते, वेळ मिळायला सात आठवडे लागले. त्यातच ज्या औषधाने पिट्युटरीला डिवचतात ते सीआरएच मिळेना. शेवटी डेस्मोप्रेसिन वापरायचं ठरलं. तुमची तारीख पक्की करताना कोणतं औषध वापरणार आणि ते हातात आहे का, हे आधी विचारून घ्या.

१९ मे. दोन्ही जांघा बधिर केल्या. मी जागी होते, फक्त थोडं गुंगीचं औषध होतं. जांघेतल्या शिरेतून एकेक नळी वर, हृदयाच्या बाजूने, मानेतून कानाच्या मागपर्यंत. पोटातून-छातीतून जाताना काहीच कळत नाही. कानामागे पोचल्यावर मात्र आतून कुणी अंगठा दाबल्यासारखं वाटलं, दुखणं नव्हे, दाब. मग एकदम तीन जागचं रक्त: डावीकडचं, उजवीकडचं आणि हातातलं. तीन माणसं, तीन सिरिंजा, आणि चौथा घड्याळ बघून वेळ पुकारणारा. "शून्य!" मग इंजेक्शन. माझा चेहरा तापला. "तीन मिनिटं!" "पाच!" "दहा!" प्रत्येक वेळी नळ्या बर्फात पडल्याचा आवाज. मला वर फक्त छताचा दिवा दिसत होता आणि मी त्या पुकाऱ्यात गुंतून गेले होते. भीती कधी गेली कळलं नाही. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. हे जड गेलं. पाठीसाठी उशी आधीच मागून ठेवा.

मेंदूजवळच्या रक्तातलं एसीटीएच हातातल्या रक्ताच्या तुलनेत डिवचण्याआधी दुप्पट आणि डिवचल्यावर तिप्पट किंवा जास्त असेल तर दोष पिट्युटरीचा धरतात. माझं आधी चौपट होतं, नंतर एकोणीसपट. डावीकडे जास्त होतं, पण बाजू ठरवण्यात ही तपासणी चुकू शकते, त्यावर विसंबू नका, असं सरांनी बजावलं.

आता विमा. शस्त्रक्रियेच्या पूर्वमंजुरीला दोन ओळींचं उत्तर आलं: लठ्ठपणावरील उपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत. झालं असं होतं की हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये तक्रारीच्या रकान्यात कुणीतरी 'वजनवाढ' एवढंच लिहिलं होतं. तीन वर्षं डॉक्टरांकडून ऐकलं तेच आता कागदावर आलं! सरांनी नवीन पत्र दिलं. पहिल्याच ओळीत 'पिट्युटरीची गाठ' आणि आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड, ई२४.०. सोबत सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून. अकरा दिवसांनी मंजुरी आली. दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्यांचेच पैसे परत मिळतात, माझ्या निम्म्या त्याच्या आधीच्या होत्या, ते गेले. मूळ पावत्या देताना प्रती काढून ठेवा.

२४ जूनला शस्त्रक्रिया झाली. नाकपुडीतून दुर्बीण, नाकामागच्या पोकळीतून पिट्युटरीच्या हाडाच्या खोबणीत. बाहेर एकही टाका नाही. चार मिलिमीटरची गाठ निघाली, डावीकडेच. शुद्धीवर आले तर नाक बोळ्यांनी गच्च आणि घसा कोरडा ठणठणीत. दोन दिवस तोंडाने श्वास घ्यायचा असतो, त्याची घरी आधी सवय करून ठेवली होती ती कामी आली. नंतरचे नियम: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, वाकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, आणि नाकातून पाण्यासारखं काही टपकलं तर लगेच कळवायचं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

शस्त्रक्रियेनंतर मुद्दामच मला स्टेरॉइड दिलं नव्हतं. दर सहा तासांनी रक्त: १४, मग ६.३, मग १.९. दुसऱ्या दिवशी मला मळमळायला लागलं, अंग मोडून आलं, हाडं चुरली जातायत असं वाटलं. संध्याकाळचा आकडा १.१. सर राउंडला आले ते हसतच. "अभिनंदन," म्हणाले, "तुम्ही आजारी पडलात."

गाठ वर्षानुवर्षं जास्तीचं कॉर्टिसॉल बनवून घेत होती, त्यामुळे शेजारच्या निरोगी पेशींना कामच उरलं नव्हतं आणि त्या निजल्या होत्या. वरचा हायपोथॅलॅमसही हाक मारायचा थांबला होता. गाठ पूर्ण निघाली तर मागे कामावर कुणीच नसतं, म्हणून कॉर्टिसॉल कोसळतं. कोसळलं नसतं तर काळजी. तेव्हापासून हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच, गोळ्या सुरू.

पिट्युटरीचा मागचा अर्धा भाग खरं तर ग्रंथी नाहीच, हायपोथॅलॅमसमधून खाली उतरलेल्या चेतापेशींच्या लांब शेपट्या आहेत त्या. त्यांच्या टोकांत व्हॅसोप्रेसिन साठवलेलं असतं, ते मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतं. शेजारी सुरी चालली की या शेपट्या बिथरतात. पहिल्या दोन दिवसांत मला दिवसाला पाच लिटर लघवी झाली. त्यावर औषध दिलं ते डेस्मोप्रेसिन, व्हॅसोप्रेसिनचीच कृत्रिम बहीण, महिन्याभरापूर्वी टेबलावर मला डिवचायला वापरलेलीच. मग ते थांबलं, घरी सोडलं, आणि आठव्या दिवशी उलटंच झालं. डोकं ठणकायला लागलं, शब्द आठवेनात, नवऱ्याचं बोलणं लांबून आल्यासारखं. सोडियम १२४. दुखावलेल्या टोकांतला साठा एकदम बाहेर पडतो आणि शरीर पाणी धरून ठेवतं, सोडियम पातळ होतं. दोन दिवस परत भरती, दिवसाला एक लिटरच पाणी. घरी सोडताना सातव्या-आठव्या दिवशी सोडियम तपासायची तारीख कागदावर लिहून घ्या. माझ्या कागदावर ती नव्हती.

जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांबद्दल मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. आजारी होते तेव्हापेक्षा मला बरं होताना जास्त वाईट वाटत होतं. सांधे दुखायचे, तळहातांची सालं निघायची, सकाळी पलंगाच्या कडेला बसून अर्धा तास रडायचे. जास्तीच्या कॉर्टिसॉलची शरीराला सवय लागलेली असते, ती सुटताना हे होतं. ताई रोज फोन करायची. "गाठ काढली ना गं, मग आता काय?" हा तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याचं उत्तर द्यायचंही त्राण नसायचं. एकदा फोन नवऱ्याकडे दिला आणि तो म्हणाला, "ताई, तिची पहाट गोळीतून येते सध्या." इतकं नेमकं तो एरवी बोलत नाही.

गोळ्या सुरुवातीला जास्त होत्या, मग उठल्या उठल्या १० मिलिग्रॅम, दुपारी ५, चारच्या सुमाराला ५. शरीराचा चढउतार गोळ्यांनी गिरवायचा प्रयत्न. उशिरा घेतली की झोप उडते. पहिली गोळी मी पाण्यासकट उशाशी ठेवायचे, घ्यायचे आणि परत पडायचे. वीस मिनिटांनी उठणं जमायचं.

ताप आला तर डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर मांडीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट दवाखाना. हे नियम फ्रिजवर चिकटवले होते. नोव्हेंबरात एका रात्री ती वेळ आली. नवऱ्याने थरथरत इंजेक्शन दिलं. आपत्कालीन विभागात खिडकीवरच्या माणसाने आधी नोंदणी, मग रांग, असं सांगितलं. मी पर्समधलं स्टेरॉइडचं कार्ड, मला स्टेरॉइड तातडीने लागतं असं सांगणारं, काचेवर टेकवलं. त्याने वाचलं आणि आत धावला. ते कार्ड मी आळसाने दोन महिने भरलंच नव्हतं. तुम्ही पहिल्याच दिवशी भरा.

झोपलेल्या पेशी जाग्या झाल्यात का, हे बघायला दर तीन महिन्यांनी सकाळचं रक्त द्यायचं, आदल्या दिवसापासून गोळी न घेता. तिसऱ्या महिन्यात १.६, सहाव्यात ३.४, नवव्यात ६.८. मध्ये रक्तदाबाची गोळी सुटली, पाळी आपली आपण सुरू झाली, चेहरा परत माझा झाला. हाडांची घनता मात्र कमी आहे, त्याचे उपचार चालू आहेत. तेराव्या महिन्यात १०.९ आलं, मग कृत्रिम एसीटीएच २५० मायक्रोग्रॅम टोचून अर्ध्या तासाने परत मोजलं: १९.२. ॲड्रिनल उत्तर देत होती. ६ ऑगस्टला गोळी बंद झाली. इंजेक्शनचा डबा अजून कपाटात आहे, मोठं आजारपण आलं तर लागू शकतो, म्हणून त्याची मुदत मी कॅलेंडरवर लिहिलीय.

गाठ परत येऊ शकते, म्हणून दरवर्षी रात्रीची लाळ तपासायची. यंदाची पहिली खेप या ऑक्टोबरात होती. लॅबमधून नळ्या आणल्या, जेवण लवकर उरकलं, दिवे मंद केले, अकराचा गजर लावला आणि नळी छातीवर ठेवून पडले.

सकाळी नळी पायांशी सापडली, रिकामी. गजर वाजला होता, तो नवऱ्याने बंद केला होता. "इतकी गाढ झोपली होतीस," तो म्हणाला, "उठवावंसं वाटेना."

लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, कालचं सॅम्पल?"

"झोप लागली," मी म्हटलं. तिने नवीन तारीख लिहून दिली.